चॉकलेटला सातबारा

तुमी हसाल, पण माझ्या पुण्याच्या भाचीनं फोनवर बजावलं होतं, "मामा, फेअर ट्रेडचंच चॉकलेट आण, दुसरं मी खात नाही." तिची एसटी यायची वेळ झाली, तरी मी हिंगोलीतली दुकानं पालथी घालून राहिलो. शेवटच्या दुकानदाराला सोपं करून सांगितलं, "शेतकऱ्याला योग्य भावाचं चॉकलेट द्या."

"सातबारा आणला का?"

"आवो, मला सवलत नको! कोकोच्या शेतकऱ्याला बराबर भाव भेटलेला असतो, तसं चॉकलेटच्या कागदावर छापतात."

त्यानं बरणीचं झाकण हळूच लावलं नि मलाच विचारलं,

"बराबर भाव देणारा कोणता मोंढा हाय हो हा? माझी हळद अजून घरातच पडून हाय."