पूल किती वाकेल

बायको गेल्यापासून दवाखान्यात मी एकटाच येतो. आज शेजारी एक इंजिनिअर नवरा-बायको वाद घालत होते.

"सही कर ना! उद्या पूल उघडायचाय."

"तुझ्या हिशेबात पूल कमी वाकतो, माझ्या हिशेबात दीडपट. कोणत्या हिशेबावर करू?"

"माझ्यावर. कॉम्प्युटरवर पुलाचे बारीक तुकडे पाडणं तुझं काही संपत नाही, बाई!"

"संपलं. आता आणखी बारीक केले तरी माझा आकडा हलत नाही. तुझे तुकडे म्हणजे मोठाले त्रिकोण, तुझ्यासारखेच ताठ. वाकतील तर शपथ!"

"मग काय, पुलावर वाळूची पोती ठेवून किती वाकतो ते मोजायचं?"

"महिनाभर दुसरं काय सांगतेय?"

"आणि उद्याचं उद्घाटन?"

"पुढे ढकल."

"पोती कोण उचलणार?"

"तू. त्रिकोण तुझे आहेत."

माझा नंबर पुकारला. मी मागच्याला पुढे जायला सांगितलं.