बॅकअपखाली नाव

सांगली स्टँडवर कवठे महांकाळच्या गाडीची रांग. माझ्यामागं आमच्या गावच्या दवाखान्यातली सिस्टर आणि तिथला कॉम्प्युटरवाला सम्मेद; आवाजावरून ओळखलं. मी वळून बघितलं नाही.

"कीर्तीताई, विश्वस्त म्हणत्यात, पेशंटच्या नोंदींसाठी डेटाबेसची विकतची एडिशन घ्या. फुकटच्या एडिशननं घात केला म्हणं."

"तुजं काय मत हाय?"

"दहा खाटांच्या दवाखान्याला फुकटची लय झाली. फकस्त तिच्यात बॅकअप आपोआप निघत न्हाई. आपल्या ऑफिसातले भरतेशकाका रोज सांजच्याला बटण दाबून काढायचे."

"ते रिटायर झाल्यावर कुणी काढला?"

"कुणीच न्हाई."

"डिस्क जळाली, सगळ्या नोंदी गेल्या. चौथ्या दिवशी ती बाई बेशुद्ध आली. तिला कुठलं इंजेक्शन चालत न्हाई, ते मीच त्यात लिवलं हुतं. नोंद न्हाई, आन मीच टोचलं. बाई गेली."

"आवं ताई, सोताला दोष देऊ नका. विकतची घेऊ, बॅकअप आपोआप हुईल."

"झाला का न्हाई, ते बघायला माणूसच लागतंय की रं."

"मग विश्वस्तांना द्यायच्या अहवालात काय लिहू?"

"फुकटचीच पुरती, असं लिही. आन बॅकअपची जबाबदारी कुणाची, तितं माजं नाव घाल."

"विश्वस्तांना न्हाई आवडायचं."

"त्यास्नी सगळं मशीनवर ढकलायचंय. त्या बाईची पोरगी रोज आपल्या दारावरनं शाळेला जाती, सम्मेद. तिला काय सांगू, एडिशन चुकली म्हणून?"