शॉकअपला लावलेलं कुंकू

माह्यं गाव वाशीम जिल्ह्यात, ताई, नाव सांगून उपयोग नाही, आमच्या तालुक्यातल्या लोकायलेच ते धड सापडत नाही. आठवीत शाळा सोडली. काहून सोडली असं सगळे विचारतात, तर घरची अडचण होती असं काही नाही, बाबानं शाळेसाठी सायकल घेऊन देली होती. मी सोडली ते दशांशाच्या पायी. ते टिंब इकडं सरकलं का आकडा मोठा, तिकडं सरकलं का लहान, अन् गुरुजी फळ्याजवळ बोलवायचे अन् खडू माह्याच हातात देयचे. एक दिवस गेलो नाही, मंग काल काहून नाही आला असं विचारतील म्हणून दुसऱ्या दिवशी गेलो नाही, मंग आठवडा गेला, मंग सालच गेलं. मी पहिल्यापासून असाच, एका भेवापायी दुसरं भेव. अन् आता पहा, काय सांगू तुमाले, दिवसभर हातात मापायचं व्हर्नियर असते, बत्तीस पॉइंट एक का बत्तीस पॉइंट शून्य पाच, हेच पाहून राहिलो असतो. ते गुरुजी भेटले तर पाय धरीन त्यायचे, अन् तसाच पळूनही जाईन.

मुंबईले आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. गावचा एक जण दिंडोशीच्या कॉलनीत वॉचमन होता, त्यानं परब काकांच्या सायकलच्या दुकानात नेऊन उभं केलं. काका मालवणकडचे, त्यांचे वडील गिरणीत होते, काकांनी सायकलचा धंदा धरला. पहिल्याच दिवशी म्हणाले, हात दाखव, अन् मी तळहात पुढं केले, मले वाटलं भविष्य पाहातात. ते म्हणाले, मेल्या, नखां बघतंय, नखां, वाढलेली असली तर ट्यूब फाटता. त्यायचं बोलणं समजायले मले सहा महिने लागले अन् माह्यं त्यायले. पण जेवायच्या टायमाले माह्या ताटात पयली भाकर ते वाढत, ते मी विसरणार नाही.

पंक्चर झालं, ब्रेक झाले, चाकं सरळ करणं झालं. मंग या डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या सायकली येऊ लागल्या, आरे कॉलनीत सकाळी माणसं घेऊन जातात ना, त्या. त्यायच्या पुढच्या चाकाले शॉकअप असते. म्हणजे कसं, वरून दोन चकचकीत नळ्या येतात, त्या खालच्या जाड नळ्यायत वरखाली होतात, आतमध्ये तेल, अन् जिथं नळी आत शिरते तिथं तोंडाशी एक रबराची कडी, तिले सील म्हणतात. सगळा जीव त्या सीलमध्ये. ती धूळ आत जाऊ देत नाही अन् तेल बाहेर येऊ देत नाही. काकायनं हे काम मले सात वर्षांनी शिकवलं. मी चुकेन या भेवानं एकेक कडी तीन-तीनदा पुसायचो, काका म्हणत, अरे पुसून पुसून झिजवशील तिका.

तर वैद्य मॅडमची गाडी. मॅडम दिंडोशीच्या कॉलनीतच राहतात, बँकेत होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून डॉक्टरनं सायकल चालवा म्हणलं, अन् त्यायले असा नाद लागला का पन्नाशीले टेकल्या असताना घाटातल्या शर्यतीत नाव देलं. पोरगा हसला, म्हणे, आई, तू रिक्षानं ये मागून. त्यायनं मनावर घेतलं. गाडी आमच्याकडं देली, म्हणाल्या, पुढच्या रविवारी शर्यत आहे, शॉकअप नवा करून ठेवा, गुडघा त्याच्यावरच आहे माझा. अन् काका म्हणाले, गजू, ही तू एकट्यान कर. मी हात नाय लावणार.

केली, ताई. दोन दिवस लावले, दोन्ही सील नवे टाकले, तेल मोजून भरलं, मख्खन चालत होती. दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्या गावी दसऱ्याले हत्याराची पूजा असते, वखर, विळा, ट्रॅक्टर, सगळ्यायले ओली हळद-कुंकू अन् अक्षता, अन् बाबा म्हणे, जिथं जोर येते तिथं कुंकू लावा. दुकानात मी पाने पुजले, पंप पुजला, अन् मॅडमची गाडी उभी होती, माह्या एकट्याच्या हातचं पहिलं काम, तर मले वाटलं, हिले काहून सोडू? जोर कुठं येते? शॉकअपले. त्या दोन चकचकीत नळ्यायले हळद-कुंकवाचे जाड पट्टे ओढले, वर अक्षता चिकटवल्या, झेंडूची माळ घातली. काय सुंदर दिसत होती! मॅडम आल्या, हसल्या, सोनं देऊन गाडी घेऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी परत आल्या. हातात गाडी, चेहरा उतरलेला. नळ्यायवरून लाल तेल गळत होतं, खालपर्यंत ओघळ. मले पाह्यल्याबरोबर समजलं. ते कुंकू वाळून कडक झालं अन् पहिल्याच खड्ड्यात नळी आत गेली तशी तांदळाची कणी सीलच्या ओठाखाली गेली, ओठ चिरला. दोन्हीकडं. मी फडकं घेऊन नुसता ओघळ पुसत बसलो. काकायनं पाह्यलं अन् म्हणाले, सील भंगार दिलेनी त्यान, अन् ज्या माणसानं सील पाठवले त्याले फोन लावून ओरडायले लागले, तुझो माल कचऱ्यात टाक, बाईचो गुडघो गेलो तर तू देतलंस काय? तो तिकडून गयावया करून राहिला होता, फोनमधून मले ऐकू येत होतं. त्याचा काय दोष होता, सांगा? मले आठवीतला तो पहिला दिवस आठवला, गेलो नाही तो. म्हणलं, गजू, आज नाही बोलला तर उद्याही नाही बोलणार. मी काकायच्या हातातला फोन धरला अन् म्हणलं, काका, त्याले काही बोलू नका, मी कुंकू लावलं.

काकायनं फोन सोडवून घेतला अन् त्याले म्हणाले, माफ कर रे भावा, आमचोच येडो निघालो. अन् माह्याकडं वळून, अरे मेल्या, शॉकअप म्हणजे गणपतीचा मखर वाटला काय तुका? पुढच्या वर्साक चेनीक मोदक भरव! मले वाटलं आता गावाची वाट. तर मॅडमच हसायले लागल्या. मंग हसता हसता थांबल्या अन् म्हणाल्या, पण गजू, रविवारचं काय रे? त्या हसण्यापेक्षा तो प्रश्न जास्त लागला.

त्या सीलवाल्याजवळ दुसरे नव्हते, नवे सील कंपनीकडून यायले महिना-दीड महिना. मी दोन दिवस फिरलो, घाटकोपर, मुलुंड, अंधेरी. एक जण म्हणे, सील कोण बदलतो यार, पूर्ण शॉकअपच नवा टाक. दुसरा म्हणे, मोटारसायकलचं बसव, चालून जाईल. चालून जाईल म्हणणाऱ्याचं मले लय भेव वाटते, कारण चालवणारा तो नसतो. नळीले नख फिरवून पाह्यलं होतं, चरा नव्हता, तेवढंच देवाचं देणं. पण कडी कुठून आणू?

मी राहतो वर्सोव्यात, हिराबाईच्या माडीवरच्या खोलीत. तिच्या घरची बोट आहे, कोळीण आहे ती, जिभेनं तिखट. सकाळी ती बोंबील वाळत घालत होती, मी खाली उतरलो तर म्हणे, काय रं गजू, कालचा डबा तसाच ठेवलास, गावाला कोन गेला काय? मी म्हणलं, कोणी नाही, माह्यं डोकं गेलं, अन् खिशातली फाटलेली कडी दाखवली. तिनं पदराले हात पुसले, कडी उजेडात धरली, अन् आतून एक बिस्किटाचा डबा आणला. त्यात बोटीचे सुटे भाग, सगळे कागदात गुंडाळलेले. मी एक उचलली तर माह्या हातावर चापट. यो इंजिनाचा हाय, म्हणे, त्याचा दांडा गोल फिरतं, तुजा तं वरखाली जातं ना? मंग तुला जाळी वढायच्या मशीनचा पायजे, त्याचा दांडा बी आतबाहेर जातं. अकरा वर्षं या धंद्यात असून मले कोणी हे इतक्या सोप्यानं सांगितलं नव्हतं. चार वर्षं तिच्या माडीवर राहिलो, अन् तो डबा माह्या पायाखाली होता.

पिशवीतून व्हर्नियर काढलं. कडी ग्रीस लागलेली, बोटातून सटकून राहिली होती. हिराबाई म्हणे, थांब, मी धरतंय. आतून बत्तीस, पाहिजे तेवढंच. बाहेरून एक्केचाळीस. उंचीले पॉइंट पाच मिलिमीटर जास्त. मी तीनदा मोजलं, टिंब कुठंच गेलं नाही, जागच्या जागी होतं. डब्यात तशा दोनच होत्या. घे, म्हणे, अन् अदुगर जेव.

शॉकअप पूर्ण खोलला, कुंकवाचा कण-कण काढला. काका बाजूले बसले, दिवा धरला. कड्या बसल्या, जराशा वर राहिल्या, तेवढंच. शंभरदा दाबून पाह्यला, बोट फिरवलं, कोरडं. मॅडमले आम्ही साफ सांगितलं, हे बोटीचं आहे, कंपनीचं येईपर्यंतचं आहे, आधी आरेत जाऊन पहा. शनिवारी त्या दोन चक्कर मारून आल्या अन् नळी स्वतःच्या रुमालानं पुसून दाखवली. पांढरा रुमाल, ताई. पांढराच राहिला.

रविवारी दुपारी फोन आला, धापा टाकत म्हणाल्या, गजू, शेवटून तिसरी आले! काका बाजूनं ओरडले, मागसून दोघां हत ना, मग पुरे!

पुढं कंपनीचे सील आले, ते टाकले. आता शॉकअपचं टेबल मीच सांभाळतो, वसईहून, ठाण्याहून गाड्या येतात, माह्यापाशी एक डबा आहे, त्यात प्रत्येक सील कागदात, वर माप माह्या हातानं लिहिलेलं, दशांशासकट. बोटीच्या त्या दोन कड्या हिराबाईले परत नेऊन देल्या, ती म्हणे, ठेव, शिकलास ना. भेव काही गेलं नाही, पण आता गाडी बाहेर गेली का मी फोन करून विचारतो, गळत नाही ना?

अन् दसऱ्याले मी कुंकू लावतो, सोडलं नाही. देवाच्या फोटोजवळ खिळ्याले चार कड्या टांगल्या आहेत, दोन माह्या हातानं फाटलेल्या, दोन बोटीच्या. त्यायलेच हळद, त्यायलेच कुंकू, त्यायलेच अक्षता. काका लांबून पाहत राहतात, माह्या बोटाचं कुंकू गाडीकडं तर नाही चाललं. मी हात जोडतो अन् म्हणतो, देवा, सगळ्यायचे गुडघे चांगले ठेव, अन् ज्याच्या गाडीचं तेल त्याच्या नळीत राहू दे.