काउंटरवरचा फिशटँक

हसायचं नाही, आधीच सांगतो. पारोळ्यात माझं खताचं दुकान. दिवसभर लोकांच्या कपाशीला डोस सांगणारा माणूस मी, मग काउंटरवरच्या फिशटँकमधल्या झाडांसाठी कुणाला कशाला विचारतोय? वाळूखाली शेणखत दाबलं, वरून ठिबकचं खत सोडलं. आठवड्यात पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं झालं.

परवा एक म्हातारे आबा कपाशीचं लाल पडलेलं पान घेऊन आले. "भाऊ, येले कोनतं खत टाकू?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची नजर टँकवर गेली. "यामा काय शे?"

"मासे. म्हणजे, असावेत. खत जरा जास्त झालं."

"कोनी टाकं?"

"मीच."

आबांनी पान परत खिशात घातलं आणि समोरच्या दुकानात गेले.