वाळवंटातल्या पावसामागे गेलेली शकुनताई

सानगडीची मंडळी, अड्याळहून आलेले पाव्हणे,

ताईला निरोप द्यायला उभा तर राहिलो, पण बोलणं जड जातंय. जन्मभर ताई बोलायची, मी ऐकायचो.

आमची शकुनताई वाऱ्यांचा अभ्यास करायला राजस्थानात गेली आणि निवृत्त होईपर्यंत तिकडेच राहिली. वाळवंटात पाऊस का वाढतोय, हे शोधणं तिचं काम.

एका श्रावणात मी तिच्याकडे गेलो. इकडे आपली तळी-बोड्या कोरड्या, धानाची रोवणी खोळंबलेली. आणि तिकडे? वाळूवर धो धो पाऊस! मी चिडलोच. म्हटलं, "ताई, आमचा पाऊस हे लोक काहून पळवून राहिले?"

ती हसली. "कोणी नाही पळवत, बाबू. बंगालच्या समुद्रावर कमी दाब तयार होते, तो आपल्याच डोक्यावरून इकडं येते. पहिले वाटेतच विरून जाये. आता अरबी समुद्र तापला, वाऱ्याची चाल बदलली. म्हणून इथवर पोचून राहिला."

मग ती मला जवळच्या वस्तीत घेऊन गेली. जमनाबाई नावाची म्हातारी दारात बसली होती. तिच्या मातीच्या घराची भिंत पावसानं विरघळली होती. त्या घरांना असा पाऊस ठाऊकच नव्हता. ताई तिच्याशेजारी बसून राहिली. परतताना एवढंच म्हणाली, "मले कारण समजते. पण ह्या बाईले आधी कोण सांगन?"

तेव्हापासून बंगालच्या उपसागरात कमी दाब झाला, की ताईचा पहिला फोन जमनाबाईला, दुसरा मला. "पाऊस येऊन राहिला. रोवणीले धानाचे पऱ्हे तयार ठेव!" इथे परतली, तरी ते फोन सुटले नाहीत.

यंदा कमी दाब झाला, तेव्हा ती अंथरुणावर होती. आवाज बसलेला. जमनाबाईचा नंबर मी लावला, बोलली तीच. ती सगळी वस्ती बकऱ्या घेऊन उंचावरच्या शाळेत गेली. दुसऱ्या दिवशी पाण्यानं घरं नेली. माणूस एकही गेला नाही.

जमनाबाईचा फोन आला. ताईनं विचारलं, "और बकरियाँ?"

"सब की सब, बाईसा!"

मंडळी, ताई किती हसली म्हणून सांगू! मला म्हणाली, "मस्त झालं रे." काही आठवड्यांनी ती झोपेतच गेली. दुःख आहे. कसं नसेल? पण माझी बहीण समाधानानं गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

ताई, सुखानं जा.

आता सगळे जरा उभे राहू. बाहेर वारा सुटलाय. काही न बोलता, तो ऐकू.