खाटेचा चौथा पाय

(सुतार चैतरामचं अंगण. शाळेतले उमेंद्र सर कापडी पिशवी घेऊन आले आहेत; पिशवीत छोटा लाकडी बैल आहे. चैतरामची नात नूतन, सातवीतली, उंबऱ्यात बसली आहे.)

चैतराम : मंजे बैल वापस. सरळ सांगा ना, गुरुजी. एवढं घुमवून कायले सांगून राहिले?

उमेंद्र सर : वापस नाही, चैतरामजी. मुख्याध्यापक म्हणाले, काही दिवस घरी राहू द्या. जिल्ह्याच्या प्रदर्शनाला पाच बैल जाणार होते. नूतनचं नाव यादीत पहिलं होतं. आता चारच चाललेत.

चैतराम : पाचवा आजारी पडला का?

उमेंद्र सर : मजाक नका करू.

चैतराम : मजाक तं काल झाली, शाळेतल्या तान्ह्या पोळ्यात, पोरं लाकडाचे बैल मिरवत होते तवा. तुमच्या समितीचा अध्यक्ष, तो लाकडं चिरनारा गुलाबचंद आरामशीनवाला. त्यानं पोरीचा बैल उचलला, नाकाले लावला अन् म्हनला, सागवान है, और सागटोली का है, रसीद मत पूछो भाई. असंच म्हनला ना? तिघं जन येऊन मले सांगून गेले. तिघांचं एक अक्षर इकडचं तिकडं नाई.

उमेंद्र सर : ते सहज बोलले हो. मनात काही नव्हतं. पण बाजूला जंगलखात्याचे साहेब बसले होते, पाहुणे म्हणून. मुख्याध्यापक घाबरले. उगाच झंझट नको म्हणाले.

चैतराम : कागदावर हनुमानटोली आहे, गुरुजी. तीस वर्सं झाले, हितले दोघं चोरीच्या सागाच्या बंडीसंग सापडले. ते दोघं मेले, बंडीचे बैल मेले, बंडी सडून गेली. नाव तेवढं जित्तं आहे. कंडक्टर बी 'सागटोलीवाले उतरा' म्हनते. साधा पाट करून दिला तरी लोक मले विचारतेत, लाकूड कोठचं. तुमीच आले होते ना याच अंगनात? म्हनले, टोलीतल्या पोराईच्या हातात पटाशी देतो, लाकडाचे नंदी कोरून घेतो, गावाले दिसू द्या हितं काय बनते ते.

उमेंद्र सर : म्हणालो होतो. आजही म्हणतो. पण आंब्याचं लाकूड सांगितलं होतं, सलईचं सांगितलं होतं. सागाला तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं मी.

चैतराम : आंब्याले भुंगा लागते. सलई तडकते. पोरगी दोन महिने कोरनार अन् दिवाळीले त्याचा भुसा पडनार? सुताराच्या घरचा बैल आहे तो. मनकर्णाले विचारलं, तं म्हनली, माह्या खाटेचा पाय काढा. आंदनाची खाट तिची. पन्नास वर्सांमागं तिच्या बापानं बांधावरचा साग तोडून केली होती. काढला पाय, तिथं विटा लावल्या. आता बुढी म्हनते, कूस बदलली का घर हलते.

नूतन : मी तेच सांगितलं, सर. त्यांनी विचारलं, कोठून आनलं. मी म्हटलं, माह्या आजीच्या खाटेचा पाय आहे. तं सगळे आनखी हसले.

चैतराम : खरं बोललं का हसतेत. मानसानं बोलावं तरी काय?

उमेंद्र सर : लाकूड जुनं आहे हे वरून दिसलं असतं ना, तर कोणी हसलं नसतं. पण बघा हा बैल. एकदम कोरा. काल झाड पाडल्यासारखा.

चैतराम : कोरा दिसनारच. रंधा मी मारला ना. पन्नास वर्सांचा काळा थर, सगळा काढला. खाटेची आडवी पट्टी बसवायचं भोक होतं, तेवढा तुकडा करवतीनं उडवला. तुमीच पोरीच्या वहीत लिहून धाडलं होतं, काम साफ पाहिजे, भोक दिसू नये, डाग दिसू नये.

उमेंद्र सर : लिहिलं होतं. प्रदर्शनाच्या नियमात होतं तसं.

चैतराम : मंग केलं साफ. तो तुकडा कुठं गेला गं?

नूतन : आजीनं चुलीत घातला. सर आले होते ना, तवा त्याच्यावरच चहा केला.

चैतराम : थांबा, थांबा. तीन पाय तं आहेत अजून. काळेकुट्ट, भोकासकट. बुढीले खाली गोधडीवर टाकतो अन् अख्खी खाट शाळेत आनून ठेवतो. पाहू दे गुलाबचंदले.

उमेंद्र सर : नका आणू.

चैतराम : काऊन?

उमेंद्र सर : साहेब विचारतील, मग हे तीन पाय कुठले? यांची पावती?

चैतराम : आंदनाची पावती? सासऱ्याच्या राखेले मागू का?

उमेंद्र सर : मला समजतं हो. म्हणूनच सांगतो. आज बैल परत आला, उद्या खाट जाईल.

चैतराम : वा रे न्याव. ती आत पडून सकाळपासून विचारून राहिली, बैल निघाला का जिल्ह्याले. जा, तुमीच सांगा तिले. माह्याच्यानं नाई होत.

उमेंद्र सर : एक रस्ता आहे. सोमवारपर्यंत आंब्याचा दुसरा बैल दिला, तर नाव पुन्हा लिहितो म्हणाले. फळीसुद्धा आणली आहे मी, ही बघा. फुलचूरच्या माझ्या घरची. तुमचा हात लागला तर दोन दिवसांचं काम.

चैतराम : मी बोलत नाई. बैल तिचा आहे. सांग गं.

नूतन : आंब्याचा दिला तं लोक म्हनतीन, पयला चोरीचाच होता.

उमेंद्र सर : नाही दिला तरी तेच म्हणतील, बेटा.

नूतन : मालूम आहे.

चैतराम : फळी घेऊन जा, गुरुजी. चांगली आहे. घरी कामात येईन.

नूतन : सर, टोलीतून यादीत मी एकलीच होती ना?

उमेंद्र सर : हो. एकटीच.

नूतन : अन् तुमाले तं मालूम होतं, खाटेचा पाय आहे म्हनून.

उमेंद्र सर : होतं. विटा लावल्या तेव्हा मी इथंच बसलो होतो. एक वीट मीच सरकवली.

चैतराम : मंग तिथं तोंड काऊन नाई उघडलं? जीभ टाळूले चिकटली होती का?

उमेंद्र सर : सांगणार होतो. पण अध्यक्ष हसत होते, मुख्याध्यापक हसत होते, साहेबसुद्धा. कालपासून तेच डोक्यात आहे, चैतरामजी. फळी द्यायला नाही आलो मी. मीपण हसलो. थोडाच. तू पाहिलं नसशील, बेटा.

नूतन : पाह्यलं, सर. मी तुमच्याकडंच पाहून राहिली होती.