बेटावर न्यायचे बूट

— नाही ताई, तो नको, तो काढा. दिसायला देखणा आहे, कबूल, आणि तो खपला तर माझंच भलं होईल, पण तळ बघा ना त्याचा, हे असं खोल खोल नक्षीकाम कशाला पाहिजे? त्यात माती अडकते, मातीत बी अडकतं, आणि तुम्ही जिथे निघालाय तिथे बाहेरचं एक बी पडलं तरी गहजब होतो. मघाशी म्हणालात ना तुम्ही, छोटंसं जहाज, मोजकी माणसं, समुद्रपक्षी बघायचेत, पार टोकाचं बेट — मग तेच ते, दुसरं कुठलं असणार, तिथे जाणारं तेवढं एकच जहाज आहे. बसा. तो पाय द्या इकडे. अहो, संकोच कसला करताय, माझा जन्म गेला लोकांचे पाय धरण्यात!

मला कसं माहीत म्हणता? पाठ आहे मला ती सगळी सहल. खोली ठरली का तुमची? नाही अजून? मग ऐका. जहाजाच्या नाकाशी घेऊ नका, तिथे आतडी तोंडात येतात, मधली घ्या, आणि खालचा बिछाना मागून घ्या, वरच्यावरून झोपेत लोळत खाली याल. उलटीची गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची, हलल्यावर घेऊन उपयोग नाही. सुरुवातीला कुणी जेवत नाही, सगळे माना टाकून पडलेले असतात, तेव्हा लाजू नका. आणि बेटापाशी धक्का-बिक्का काही नाही हं — जहाज लांब उभं राहतं, रबरी होडी खाली सोडतात, खलाशी हात पुढे करतो, तर त्याचा हात नाही धरायचा, मनगट धरायचं, तो तुमचं धरतो, तुम्ही त्याचं, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची असते. आणि लाटा चढलेल्या असतील तर उतरवतच नाहीत, लांबून एक चक्कर मारून परत आणतात. एवढं ओकून, एवढं लांब जाऊन — चक्कर! कप्तान म्हणेल तसं. तिथे आपलं काही चालत नाही.

ठरवली होती ना आम्ही ही सहल. म्हणजे आमच्या हिने ठरवली होती, मी आपला मान डोलवायला. फ्रिजवर नकाशा चिकटवला होता, दूध काढायला गेलं की समुद्र आडवा. दोघांना सारख्या लोकरीच्या टोप्या विणल्या, माझी कानांवरून वर सरकायची तर उसवून पुन्हा विणली. हिला पक्ष्यांचं वेड? छे हो, गॅलरीत कबुतर आलं तर झाडू घेऊन धावते! तिला तिथे — थांबा, सांगतो, तुम्ही जाणारच आहात तर कळेलच. होडीतून उतरलात की वाळूवर एक लाकडी बाक आहे. तिथे एकेकाला बसवतात. एक मुलगी समोर गुडघ्यांवर बसते, जवळ पाण्याची बादली, ब्रश, चिमटा. बुटाचे तळ घासते, लेस सोडून बघते, खिसे उलटे करते, चिमट्याने एकेक कुसळ उपटते, मगच तुम्हाला पक्ष्यांकडे सोडते. जरा रागीट वाटेल. भुवया जुळलेल्या आहेत म्हणून तसं वाटतं, रागीट नाहीये. ती आमची लेक.

हो, खरंच! एकुलती एक. ह्या खोक्यांच्या चळतींत वाढली — तिकडे कोपऱ्यात, बायकांच्या चपलांमागे तिची शाळा भरायची, डाव्या पायाचे बूट एका रांगेत, उजव्याचे दुसऱ्या, आणि गिऱ्हाईक आलं की जोडी जुळवताना माझी तारांबळ. कॉलेज झालं तेव्हा म्हटलं, आता दुकानात बस. तर फणकाऱ्याने म्हणाली, बाबा, मला नाही आयुष्यभर लोकांचे बूट पुसायचे. आणि आता बघा काय करते! जगाच्या टोकाला जाऊन पुसते. मी फोनवर म्हटलं एकदा तसं, तर हसली, अशी हसली, की लाइनच गेली. मी आपला फोन कानाला लावून बसलो बराच वेळ. येत नाही हो. एका हंगामासाठी म्हणून गेली होती, पिल्लं मोजायला. आता पिल्लं काय, दर वर्षी होतातच.

पण सध्या घोडं अडलंय ते वेगळंच. तिची मुदत संपतेय. तुम्ही ज्या जहाजाने जाताय ना, परतीला त्याच जहाजात बसून तिने घरी यायचं, नाहीतर बेटावरचं काम बघणाऱ्या लोकांनी पक्की नोकरी देऊ केलीय ती घेऊन तिथेच राहायचं. जहाज बेटाशी उभं असेल तेवढ्यात काय ते ठरवायचं, नंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथे कुणी फिरकत नाही. इकडे हिने खोली रंगवून ठेवलीय, नवी गादी आणलीय, गादीवरचं प्लास्टिक काढत नाही — पोरगी आल्यावर काढायचं म्हणे. आणि लेक मला फोनवर विचारते, बाबा, तुम्हीच सांगा, येऊ का? काय म्हणालो असेन मी? सांगा ना. बाप माणूस काय म्हणेल? मी म्हणालो, यंदा गमबुटांना उठाव नाही. हो! हेच म्हणालो! ती म्हणाली, बरं. ती खूश आहे हो तिथे, आवाजावरून कळतं ना. घरात होती तेव्हा कधी उठल्या उठल्या गुणगुणली नाही, आणि तिथे वाऱ्यात उभी राहून ओरडते, बाबा, ऐका, ऐका, आणि मला त्या पक्ष्यांचं केकाटणं ऐकवते, जुनं चामडं टराटरा फाडावं तसा आवाज, आणि वर विचारते, किती गोड ना! तिला ये म्हणू? कशाला? चपला जुळवायला?

आम्ही का नाही गेलो? ते — दुकान हो. दुकान कुणावर टाकणार? ही म्हणाली, बूट काय पळून जाणार आहेत? तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ द्या, पंखा बंद करा. मी समुद्राला घाबरलो, नाहीतर पैसे कवटाळून बसलो, असं वाटतं तिला, वाटू दे. थांबा, हा आवळतोय, सात नंबर बघू, सात वर ठेवलेत — ताई, तेवढी शिडी लावून तुम्हीच काढता का? हसू नका, गिऱ्हाइकाला शिडीवर चढवणारा दुकानदार मीच असेन. मी नाही चढत हल्ली. गुडघा. हो, तोच खोका. सावकाश उतरा. काय? नाही, दम कुठे लागलाय, केव्हाचा बोलतोय म्हणून. ओठ? ओठांना काय झालंय? तुम्ही काय डॉक्टर-बिक्टर — नर्स? अख्खी नोकरी दवाखान्यात? तरीच! मघापासून मी तुमच्या पायांकडे बघतोय आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे.

मग आता तुमच्यापासून काय लपवायचं. जहाजवाले डॉक्टरचा दाखला मागतात, तुम्हालाही मागतील. हिचा लगेच मिळाला. माझी छाती तपासताना डॉक्टर ऐकतोय, ऐकतोय, ऐकतच राहिला, आणि मग पेन खाली ठेवलं. हृदयाची झडप. निकामी होत आलीय, बदलावी लागेल, समुद्राचं नावही काढू नका म्हणाला. न बदलता किती चालेल, ते मी विचारलंच नाही. माझी हिंमतच झाली नाही. घरी सहलीचं दुकानावर ढकललं, आणि जिन्यात थांबतो ते गुडघ्यावर. हिला खरं कळलं तर ही त्या क्षणी लेकीला फोन लावेल, आणि ती — मी ओळखतो तिला — बादली तिथेच टाकून होडीत बसेल. माझ्या औषधांच्या वेळा सांभाळत बसेल आणि एका शब्दाने बोलणार नाही. म्हणून म्हटलं, जहाज जाऊन येऊ दे, तिचं तिला ठरवू दे, मग बघू ऑपरेशनचं. तोवर टिकलं तर टिकलं.

असं बघू नका हो. बोलून गेलो. अरे देवा — आणि बोललो कुणापाशी? बायकोपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही, आणि नेमकं तुमच्यापाशी! सगळ्या शहरात त्या बाकावर बसून तिच्यासमोर पाय पुढे करणाऱ्या तुम्ही एकट्या, आणि तुमच्यापुढेच घडाघडा ओकलो सगळं! नाही ना सांगणार तिला? शपथ घ्या. नको, शपथ नको — सांगा. तुम्ही नीट सांगाल, तुम्हाला सवय असेल असलं काही सांगायची. छे, छे, नका सांगू! आणि समजा नाही सांगितलंत, आणि जहाज निघून गेल्यावर मला काही झालं, तर काय करेल हो ती तिथे? ना जहाज, ना रस्ता. नुसती त्या वाळूवर इकडून तिकडे. आणि हिला मी काय तोंड दाखवू — म्हणजे, तोंड तर नसणारच. मला काही सुचत नाही. खरंच सुचत नाही. दुकान उघडताना एक ठरवतो आणि बंद करताना दुसरंच.

मला? मला काय हवंय? हे कुणी विचारलंच नव्हतं — यावी. यावी हो ती. मला भीती वाटते, ताई. छातीत फडफडलं की तीच डोळ्यांसमोर येते, दुसरं कुणी नाही. तिने यावं आणि माझ्याजवळ बसावं, बोलली नाही तरी चालेल. झालं? ऐकलंत?

आता बूट काढा. काढा म्हणतोय ना. मला नाही विकायचे. आतल्या बाजूला आमच्या दुकानाचा शिक्का आहे, तो दिसला की ती विचारणार, बाबा कसे आहेत, आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही, डोळे बघा तुमचे, आत्ताच भरलेत. चौकापलीकडे दुसरं दुकान आहे, तिथे घ्या. त्याला म्हणावं सात नंबर, डावा पाय जरा रुंद आहे, घालून चालून बघा, नुसतं बसून घेऊ नका. आता पर्स कशाला उघडताय? मी विकत नाहीये म्हटलं ना. ठेवा तो खोका. ठेवा तो, असा छातीशी धरून काय उभ्या राहिलात — अहो, जा ना. जा ना हो.